वाल्मिक पॅनमनची स्पॅनिश

वाल्मिक वर्पे माझ्याकडे आला तो बारा जानेवारीला, रविवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. रोजनिशीत वेळेसकट नोंद आहे. चपला पायरीखाली काढून तो दारात उभा राहिला. बावन्न वर्षांचा माणूस, कानशिलांवरचे केस पिकलेले, पण उभं राहण्याची तऱ्हा आठवीतल्या मुलाची, हात पाठीमागे बांधून.

"बाई, स्पॅनिश कुठं शिकवत्यात?"

मला वाटलं, मुलीसाठी विचारतोय. त्याची धनश्री पुण्याला नोकरी करते. "धनश्रीला शिकायचंय होय?"

"न्हाई," तो म्हणाला. "मला."

साखर कारखान्याच्या शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. वाल्मिक माझ्या वर्गात तीन वर्षं होता. शांत मुलगा, कधी उलट बोलला नाही, दहावीला इंग्रजीत मात्र गेला. मग कारखान्यात हंगामी हेल्पर म्हणून लागला आणि चढत चढत पॅनमन झाला. माझे यजमान त्याच कारखान्यात चीफ केमिस्ट होते. ते फारसं कुणाचं कौतुक करत नसत, पण वाल्मिक पॅनवर असला की घरी वेळेवर जेवायला यायचे. ते गेल्यावर मी कॉलनी सोडून संगमनेरात अकोले नाक्याजवळ राहायला आले. वाल्मिकचं घर माझ्या मागे दोन गल्ल्या सोडून आहे.

ज्यांना साखर फक्त डब्यात दिसते त्यांच्यासाठी सांगते. उसाचा रस आटवून दाट झाला की तो एका उंच बंद भांड्यात शिजवतात. आतली हवा ओढून घेतलेली असते, म्हणजे रस कमी आचेवर उकळतो आणि करपत नाही. हे भांडं म्हणजे पॅन. साखरेचा दाणा त्यात धरतो आणि वाढतो. पॅनमन मधूनमधून आतला नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो, दिव्यासमोर धरतो, बोटांत चोळून बघतो. वाफ किती सोडायची, पाणी कधी घ्यायचं, दाणा तयार कधी झाला, हे तोच ठरवतो. वाल्मिकनं हे काम तेवीस वर्षं केलं.

आदल्या हंगामात कारखान्यानं पॅनला कॉम्प्युटर लावले. आता एक मुलगी काचेच्या खोलीत बसून पडद्यावर आकडे बघते. वाल्मिकला गोडाऊनला पाठवलं.

"पगार तोच हाय, बाई. कुनी काय वाईट केलं न्हाई. पन मी आता पोती मोजतो. दाना बगून चौदा महिनं झालं."

मग त्यानं खरी गोष्ट सांगितली. पुणतांब्याचा गोरक्ष नावाचा एक फिटर ग्वाटेमालाला आहे. पुण्याची एक कंपनी तिकडच्या साखर कारखान्यांना यंत्रं पुरवते, तिच्यामार्फत तो गेला. तिथल्या एका कारखान्यानं आपल्याकडच्यासारखेच पॅन बसवलेत, हातानं चालवायचे. ते चालवायला दोन हंगामांसाठी माणूस हवा होता. एप्रिलच्या शेवटी व्हिडिओवर मुलाखत, आणि अट एकच: दुभाष्या मिळणार नाही. पॅनमनला हाताखालच्या माणसांना सांगावं लागतं, शिफ्ट बदलताना बोलावं लागतं, ते स्पॅनिशमध्ये आलं पाहिजे.

"सुरेखा काय म्हणते?" मी विचारलं. सुरेखा म्हणजे त्याची बायको.

"म्हनती, आदी शिकून दाखवा, मंग बगू जायचं काय ते."

हातात साडेतीन महिने होते. मी त्याला आत बोलावलं आणि चहा टाकला.

पहिला उपाय धनश्रीनं केला. तिनं त्याच्या मोबाईलवर भाषा शिकवणारं एक अॅप घालून दिलं. फुकट होतं, रंगीत होतं, बरोबर आलं की टाळ्या वाजवायचं. अडचण अशी की ते स्पॅनिश शिकवायचं इंग्रजीतून. मराठीतून नाही, हिंदीतूनही नाही. म्हणून वाल्मिक ड्यूटी संपल्यावर माझ्याकडे यायचा, मी इंग्रजी वाक्याचं मराठी करायची आणि तो बोटानं उत्तर दाबायचा. मुलगा सफरचंद खातो. मांजर दूध पिते. माझ्या काकूकडे लाल घोडा आहे.

"बाई, ह्यांच्या काकूकडं घोडा कशापायी?" एके दिवशी त्यानं विचारलं.

"ती उदाहरणं असतात, वाल्मिक."

"व्हय बाई."

पंधरा दिवसांत त्यानं दोनशे टाळ्या मिळवल्या. मी एकदा मोबाईल बाजूला ठेवून विचारलं, वाफ बंद कर असं सांगायचं तर काय म्हणशील? त्यानं परत मोबाईलकडे हात नेला.

माझं मत ठाम होतं. भाषा शिकायची तर वर्गात बसून, पुस्तक समोर ठेवून, पहिल्या धड्यापासून. मी नन्सच्या हाताखाली शिकले, तिथे दुसरा मार्गच नव्हता. पुण्यातल्या एका क्लासला मी फोन केला. शनिवार-रविवार वर्ग असतो म्हणाले, आधी एक तास बसून बघा. एक फेब्रुवारीला आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं पुण्याला गेलो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी कुणाला शाळेत घालायला निघाले होते, त्याची मला गंमत वाटत होती.

वर्गात अठरा जण होते, बहुतेक पंचविशीच्या आतले. शिकवणारी मुलगी हुशार होती आणि मनापासून शिकवत होती, इंग्रजीतून आणि स्पॅनिशमधून. तिनं सगळ्यांना नाव, गाव आणि छंद सांगायला लावले. एकीचा छंद नाच, एकाचा डोंगर चढणं. वाल्मिकची पाळी आली. त्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि थांबला. छंद म्हणजे काय ते मी मागच्या बाकावरून मराठीत सांगितलं.

"तसलं काय न्हाई," तो मराठीत म्हणाला. सगळे हसले, तोही हसला.

पुढे तासभर ती अधूनमधून त्याच्यापाशी येऊन विचारायची, समजतंय ना? तो उठून उभा राहायचा आणि म्हणायचा, "यस मॅडम." मी मोजलं, चार वेळा. मला फार बरं वाटलं. येताना नावनोंदणीचा कागदही घेऊन आले.

नारायणगावला एसटी थांबली तेव्हा आम्ही खाली उतरून चहा घेतला. मी सहज म्हटलं, "ती पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी शब्दांचं सांगत होती, ते चांगलं समजावलं तिनं. तुला काय लक्षात राहिलं?"

त्यानं कपातला चहा एका घोटात संपवला.

"वाल्मिक?"

"काईच कळलं न्हाई बाई."

"मग चार वेळा यस काय म्हणालास?"

"त्या इचारीत हुत्या ना, कळलं का म्हनून. येवढ्या जीव तोडून शिकवीत हुत्या. न्हाई कसं म्हनायचं?"

मी विचारलं, "माझ्या वर्गातही असंच करायचास?"

तो हसला, पण माझ्याकडे बघितलं नाही. "तुमच्या वर्गात तर लईच."

त्याला इंग्रजीत कच्चा म्हणून मीच प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं. तीन वर्षं तो माझ्यासमोर बसला आणि मी विचारलं की होय म्हणाला, आणि मी पुढचा धडा घेतला.

पुण्याचा नाद मी सोडला आणि घरीच शिकवायचं ठरवलं. एक पुस्तक मागवलं. आधी मी वाचायची, मग मराठीतून त्याला सांगायची. त्याला बजावून सांगितलं, कळलं नाही की मला तिथेच थांबव. तो म्हणाला, "व्हय बाई." पण थांबवलं एकदाही नाही. मी थांबून चाचपायची तेव्हा मागची चार पानं रिकामी निघायची.

"अरे, मी तुला मारणार आहे का आता?"

"मारायचं न्हाई वो. पन तुमाला मदीच थांबवायचं म्हंजे... जमत न्हाई तोंडाला."

फेब्रुवारी अर्धा झाला. मला दुसरा मार्ग दिसत नव्हता आणि तो आपला रोज संध्याकाळी चपला काढून दारात उभा. मग एका दिवशी तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सुरेखा मंडईतून येताना माझ्याकडे डोकावली.

"बाई, आमच्या मानसानं नवीन गुरू केलाय. सकाळी सकाळी उठून फोनवर वरडत असत्यात. शेजारी इचारत्यात, भांडन झालं का म्हनून."

"कोण गुरू?"

"तिकडचाच हाय. त्येंच्यावानीच पॅनवाला."

झालं होतं ते असं. गोरक्षनं फोनवर वाल्मिकची रड ऐकली आणि त्याच कारखान्यातल्या एका जुन्या पॅनमनशी गाठ घालून दिली. त्याचं नाव एफ्राइन, वय बासष्ट. तिकडे संध्याकाळी सहाला शिफ्ट सुटते. साडेसहाला तो फाटकाबाहेरच्या बाकावर येऊन बसतो, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सहा वाजलेले असतात. एफ्राइनला मराठी नाही, इंग्रजी नाही. वाल्मिकला स्पॅनिश नाही. पहिल्या दिवशी गोरक्षनं ओळख करून दिली आणि आपल्या कामाला निघून गेला.

"मंग काय केलंत?" मी सुरेखाला विचारलं. तिच्याशी बोलताना माझी भाषाही तशीच होते.

"काय करनार! मी शेंगदान्याच्या चिक्कीला पाक धरला हुता. हे उठले, चमचाभर पाक घेतला, बोटात धरून तार वढली आन त्या फोनम्होरं नेली. त्यो मानूस असा हसला, असा हसला! त्यानं बी दोन बोटं अशी केली. मंग जमलं त्येंचं. माझा पाक मातर गेला पुढं, चिक्की दगड झाली."

मला हे प्रत्यक्ष बघायचं होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी पहाटे नेहमीपेक्षा पाऊण तास आधी उठून त्यांच्याकडे गेले. वाल्मिक ओट्यावर बसला होता, मोबाईल लोटीला टेकवलेला, मांडीवर कारखान्यातली शिफ्टची जुनी नोंदवही. पानावर नेहमीचे रकाने होते: वेळ, वाफ, व्हॅक्यूम, तापमान, दाणा. प्रत्येकाखाली त्यानं स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिले होते.

आपल्या कारखान्यात एक रीत आहे. शिफ्ट बदलताना जाणारा पॅनमन येणाऱ्याला पॅनची सगळी हकीकत सांगतो. येणारा विचारायचं ते विचारतो, काच बघतो आणि म्हणतो, "घेतला." तोपर्यंत जाणाऱ्यानं जागा सोडायची नसते. घेतला म्हटलं की पुढचं सगळं येणाऱ्याच्या अंगावर. तिकडेही हीच रीत निघाली. 'घेतला' ऐवजी ते म्हणतात 'रेसिबिदो'. या दोघांनी तीच शिकवणी केली होती. एफ्राइननं त्या दिवशीचा आपला पॅन वाल्मिकच्या ताब्यात द्यायचा आणि वाल्मिकनं घ्यायचा, रोज सकाळी सहाला.

पडद्यावर काळसर, रुंद चेहऱ्याचा म्हातारा दिसला. बाजूला हेल्मेट काढून ठेवलेलं. तो बोलायला लागला. दोन वाक्यं झाली आणि वाल्मिकनं हात वर केला.

"नो एन्तेंदी, दादा."

मला कळलं नाही, असं तो म्हणत होता. म्हाताऱ्यानं परत सांगितलं. पुढच्या वाक्याला पुन्हा तेच. वीस मिनिटांत वाल्मिकनं त्याला सहा वेळा अडवलं. एकदा तर जवळजवळ दरडावलं. मी बाजूला स्टुलावर बसून बघत होते. हा माझाच विद्यार्थी, हे मला खरं वाटेना. शेवटी त्यानं सगळी हकीकत आपल्या तोंडानं परत सांगितली, म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि वाल्मिक म्हणाला, "रेसिबिदो."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "त्यांना बरा अडवतोस!"

"आता बाई, न कळता पॅन घ्यायचा म्हंजे काय? त्यांनी सांगितलं आन मी घेतला म्हनालो, की दाना बिगाडला तर माझ्या नावावं. तितं कशी लाज धरायची?"

हे मला पटलं. पण शिक्षिकेचा स्वभाव जात नाही. मी वही चाळली. साठ-सत्तर शब्द, सगळे पॅनचे. घर नाही, जेवण नाही, आजार नाही.

"तिकडे दाढ दुखली तर काय सांगशील?"

"गोरक्ष हाय की."

"गोरक्ष तुझ्या दाढेला बांधलेला आहे का? संध्याकाळी अर्धा तास माझ्याकडेही ये. पॅनचं तिकडे शीक, माणसांचं इकडे."

"दोन्ही न्हाई जमायचं बाई. पोती मोजून डोकं बधिर हुतं. मला ह्ये एकच नीट करू द्या."

त्या दिवशी रोजनिशीत मी लिहिलं: वाल्मिकनं शिकायची जागा बरोबर निवडली, अभ्यासक्रम चुकीचा निवडला. आजही मला तसंच वाटतं.

एप्रिलच्या दहा तारखेला घोटाळा झाला. एफ्राइननं नेहमीप्रमाणे हकीकत सांगितली. व्हॅक्यूम पंचवीस इंच, तापमान ऐंशी. कुणीही पॅनमन सांगेल की या दोन गोष्टी एकत्र असू शकत नाहीत. हवा इतकी ओढलेली असली की रस साठ-पासष्टलाच उकळतो. ऐंशी असेल तर एक तर व्हॅक्यूम पडलेला आहे, नाही तर काटा बिघडलेला. वाल्मिकला शब्द न् शब्द कळला. चूकही लगेच दिसली. आणि तो म्हणाला, "रेसिबिदो."

म्हाताऱ्यानं फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी नाही. वाल्मिक सहा वाजता लोटी मांडून बसायचा आणि साडेसहाला उचलून आत न्यायचा. चौथ्या दिवशी गोरक्षचा फोन आला. सुरेखानं मला बोलावून घेतलं होतं, म्हणून मीही ऐकलं.

"काका, म्हातारं लई चिडलंय. त्यानं मुद्दाम चुकीचं सांगितलं हुतं, तुमी बगता का म्हनून. तुमी घेतलं. त्यो म्हनतो, असला मानूस पॅनवर नको. आन ऐका, इथली इंजिनिअर बाई मुलाखतीच्या आदी त्यालाच इचारनार हाय."

वाल्मिकचा चेहरा उतरला. "मला कळलं हुतं रं. पन त्ये मोठं मानूस. दीड महिना रोज कामावरून दमून येऊन शिकवत्यात. त्येंना तोंडावर म्हनायचं, तुमचं चुकलं?"

सुरेखा पीठ मळत होती. तिनं तिथूनच सुनावलं. "मला तर रोज म्हनता. आज मीठ जास्त, आज भाकर जाड, आज पाक पुढं गेला. तवा बरं तोंड चालतं!"

"तू घरची हाय."

"मंग त्येंला घरचा समजा आन बोला!"

गोरक्ष फोनवर हसायला लागला. वाल्मिक मात्र हसला नाही. उठून परसात गेला, वही घेऊन. मी मदतीला जाऊ का विचारलं, तर सुरेखानं खुणेनं बसा म्हटलं. जेवणाची वेळ होईपर्यंत तो बाहेर होता. मग आत येऊन त्यानं आमच्यासमोर एफ्राइनला आवाजी निरोप पाठवला. वाक्यं तुटक होती, पण मला त्याच्या वहीवरून अर्थ लावता आला. दादा, पंचवीस आणि ऐंशी, नाही. तुमची हकीकत चूक. मी पॅन घेत नाही. काटा बघा. मग मी घेतो.

शेवटचं वाक्य बोलताना त्यानं बसल्या जागी हात जोडले होते, जणू समोरच्याला ते दिसणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन वाजला.

मुलाखत एकोणतीस एप्रिलला, मंगळवारी, संध्याकाळी साडेसातला झाली, माझ्याच घरी, कारण माझ्याकडचं इंटरनेट बरं चालतं. वाल्मिकनं धुवून इस्त्री केलेला पांढरा शर्ट घातला होता. सुरेखा स्वयंपाकघराच्या दारात बसली. पडद्यावर तिकडची इंजिनिअर बाई, पस्तिशीची असेल, आणि पुण्याच्या कंपनीचा एक माणूस.

पहिली पाच मिनिटं वाईट गेली. बाई हसून काही विचारायची, वाल्मिक म्हणायचा, नो एन्तेंदी. ती सावकाश विचारायची, पुन्हा तेच. पुण्याचा माणूस मध्ये पडून इंग्रजीत सांगू लागला, तर तिनं त्याला थांबवलं. घरी कोण कोण आहे, तब्येत कशी असते, दहा जणांबरोबर एका खोलीत राहता येईल का, दोन नव्या मुलांना शिकवाल का, असं ती विचारत होती. त्या माणसानं हे आम्हाला नंतर सांगितलं. मी पडद्याच्या बाहेर बसून पदर पिळत होते. घर, बायको, मुलगी, खोली, हे शब्द पुस्तकाच्या पहिल्या दोन धड्यांत होते.

मग तिनं पडद्यावर एक फोटो दाखवला. काचेच्या पट्टीवर पसरलेली साखर, मोठ्या दाण्यांमध्ये बारीक बारीक धुरळा.

वाल्मिक पुढे सरकला. "खोटा दाना," तो आधी मराठीत म्हणाला, मग स्पॅनिशमध्ये. आणि बोलायला लागला. पाणी घ्यायचं, नवा रस बंद करायचा, आच थोडी वाढवायची, बारीक दाणा विरघळेपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही, परत काच बघायची. शब्द संपला की हात बोलायचे. बाईनं मध्येच काही विचारलं, त्यानं दोनदा तिला अडवून नीट समजून घेतलं आणि उत्तर दिलं. तिनं आकडे दिले, त्यानं आकडे दिले. वीस मिनिटं ते दोघं अशा गोष्टीवर बोलत होते जी त्या खोलीत दुसऱ्या कुणालाही दिसत नव्हती. सुरेखा दारातून उठून माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"बाई," ती कुजबुजली, "ह्ये घरी तर दोन वाक्यं बोलत न्हाईत."

निकाल नऊ मेला आला, इंग्रजीत, पुण्याच्या कंपनीच्या ईमेलनं. वाल्मिक आणि सुरेखा सकाळी लवकरच माझ्याकडे आले आणि मी वाचून दाखवला. ज्या पहिल्या पॅनमनच्या जागेसाठी मुलाखत होती ती मिळाली नव्हती. कामाचं ज्ञान उत्तम आहे, असं लिहिलं होतं, पण शिफ्टची माणसं सांभाळण्याइतकी भाषा नाही. म्हणून पहिला हंगाम दुसरा पॅनमन म्हणून, तिथल्या एका शिफ्टप्रमुखाच्या हाताखाली. पुढच्या हंगामाचं पुढे बघू. मान्य असेल तर उमेदवारानं स्वतःच्या आवाजात, स्पॅनिशमध्ये, दोन दिवसांत कळवावं.

मी मोबाईल खाली ठेवला. मला राग आला होता, कुणाचा ते नक्की सांगता येणार नाही. "तेवीस वर्षं पॅन चालवलेल्या माणसाला मदतनीस म्हणून बोलावतात! वाल्मिक, थांब. वर्षभर नीट शीक. मी शिकवते, आणखी कुणी बघू. पुढच्या वर्षी पहिल्या जागेसाठी जा."

तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "न्हाई बाई."

माझ्या म्हणण्याला तो सरळ नाही म्हणाला, तेव्हा सुरेखानंही वर बघितलं.

"त्यात काम काय लिवलंय दुसऱ्याचं? परत वाचा की."

मी परत वाचलं. नमुना काढणं, काच तयार करणं, दाणा बघून प्रमुखाला सांगणं. निर्णय प्रमुखाचा.

"नमुना मी काढनार? काच माझ्या हातात?"

"हो. तसंच लिहिलंय."

"मंग झालं की," वाल्मिक म्हणाला.

"तुझ्यापेक्षा लहान असेल तो प्रमुख. चुकेलही."

"चुकंल तवा सांगंन."

सुरेखा बोटानं चटईची काडी सरळ करत राहिली. "सात महिनं," ती म्हणाली. "जावा. हितं रोज संध्याकाळी त्वांड पाडून घरी येताय, त्ये मला बगवत न्हाई. पन पोचल्या पोचल्या फोन करायचा. आन फोनवर पॅनचं सांगायचं न्हाई, जेवलात का त्ये सांगायचं."

"सांगतो."

तो मोबाईल घेऊन गॅलरीत गेला. या वेळी वही नेली नाही. काचेतून मला तो दिसत होता, एक हात कठड्यावर. बोलायचा, थांबायचा, पुसून परत बोलायचा. तिसऱ्या वेळी पाठवून आत आला.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"येतो म्हनालो. आन त्या शिफ्टच्या मानसाला तिकडं काय म्हनून हाक मारायची, त्ये इचारलं."

"आन ती मानसं तुमाला काय म्हनून हाक मारत्याल?" सुरेखानं विचारलं.

"त्ये काम बगून ठरवत्याल," वाल्मिक म्हणाला आणि चपला घालायला खाली वाकला, कारण आठला त्याची ड्यूटी होती आणि गोडाऊनला ट्रक लागले होते.